‘समजलं का?’ विचारणं आधी बंद करा

ताई, सप्रेम नमस्कार.

आठ महिन्यांपूर्वी मला बढती मिळाली आणि नऊ जणांचा गट माझ्या हाताखाली आला. कामाची माहिती मला भरपूर आहे, बोलायलाही मी कधी कचरत नाही. तरी सांगावं एक आणि व्हावं भलतंच, असं सारखं होतं. प्रत्येक वेळी मी ‘समजलं का?’ विचारते आणि सगळे ‘हो’ म्हणतात. परवाचंच बघा. शुक्रवारी संध्याकाळी निघता निघता एका सहकाऱ्याला म्हटलं, ‘अहवाल जरा लवकर दे, आणि मागच्यासारखा नको.’ त्याने शनिवारी रात्रीच पाठवला, चौदा पानांचा! मागचा बारा पानांचा झाला होता, म्हणून तर मी बोलले होते. वैतागून ‘राहू दे, मीच करते’ म्हटलं. तेव्हापासून तो कामापुरतंच बोलतो.

कार्यालयाने मला संवादकौशल्याच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला पाठवलं होतं. शाब्दिक, अशाब्दिक, लेखी, दृश्य हे प्रकार; प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक, प्रतिसाद, अडथळे, संदर्भ हे घटक; सगळं वहीत उतरवून घेतलं. शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकी सगळी देहबोली आणि आवाज, असंही सांगितलं. सगळं पाठ आहे, उपयोग शून्य. घरी सोळा वर्षांची लेकसुद्धा म्हणते, ‘आई, तू बोलतेस खूप, पण ऐकत नाहीस.’ नेमकं चुकतंय कुठे? कृपया लवकर उत्तर द्या.

– बोलून थकलेली

नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मी ‘मागच्यासारखा नको’ या दोन शब्दांपाशी थांबले आणि तुमच्या सहकाऱ्याच्या जागी उभी राहून ते पुन्हा वाचले. मागच्यासारखा म्हणजे कसा नको? उशिरा आलेला नको? मोठा नको? अपुरा नको? चुकांनी भरलेला नको? ‘लवकर’ आणि ‘मागच्यासारखा नको’ एका दमात कानावर पडल्यावर कोणीही त्या दोन गोष्टी जोडणारच. मागच्या वेळी उशीर झाला असावा किंवा काहीतरी राहून गेलं असावं, असा तर्क त्याने केला असेल. मग सुट्टीचा दिवस घालवून त्याने काम लवकर केलं आणि काही राहू नये म्हणून दोन पानं जास्त लिहिली. तुमच्या वाक्याचा त्याने अगदी प्रामाणिक अर्थ लावला. तो तुमच्या मनातला नव्हता, एवढंच.

तुम्हाला मात्र ते वाक्य स्वच्छ वाटलं, कारण तुमच्या डोळ्यांसमोर तो बारा पानी अहवाल होता. त्याच्या डोळ्यांसमोर फक्त तुम्ही होतात, बॅग खांद्याला लावून निघालेल्या.

हा दोष एकट्या तुमचा नाही. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने आपल्या प्रबंधासाठी एक साधा प्रयोग केला होता. काहींना ओळखीच्या गाण्यांची चाल टेबलावर नुसती बोटांनी वाजवायला सांगितली आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. घरी करून बघा, गंमत येते आणि थोडा रागही येतो. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं सुरू असतं, वाद्यांसकट. ऐकणाऱ्याला टकटक-टक ऐकू येते. इतकं सोपं गाणं याला कसं ओळखू येत नाही, असं वाजवणाऱ्याला मनापासून वाटतं. जितकी माहिती जास्त, तितका हा भ्रम पक्का. तुम्ही लिहिलंत की कामाची माहिती तुम्हाला भरपूर आहे. अडचण थोडीफार तिथेच आहे.

आता तुमच्या वहीतले ते घटक. यादी बरोबर आहे, पण ती आली कुठून हे कार्यशाळेत सांगितलं असतं तर बरं झालं असतं. हे घटक ओळीने जोडून दाखवणारं चौकोन आणि बाणांचं जे चित्र असतं, ते बऱ्याच अंशी १९४८ साली क्लॉड शॅनन यांनी मांडलेल्या सिद्धांतावरून आलेलं आहे. शॅनन बेल प्रयोगशाळेत काम करणारे गणितज्ञ-अभियंता. तारेतून किंवा रेडिओवरून जाणारा संदेश खरखर असतानाही दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा कसा पोचेल, हा त्यांचा प्रश्न. संदेशाच्या अर्थाशी अभियंत्याला कर्तव्य नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं होतं. टेलिफोनच्या दृष्टीने ‘मागच्यासारखा नको’ हे वाक्य शंभर टक्के यशस्वी झालं. आवाज पोचला, शब्द पोचले. घोळ झाला तो अर्थाचा, आणि त्या मूळ चित्रात अर्थाला जागाच नव्हती. प्रतिसादाचा उलटा बाणही माणसांच्या संवादासाठी हे चित्र वापरणाऱ्यांनी पुढे जोडला. माझ्या मते सगळ्या यादीत तोच एक बाण जिवापाड जपावा असा आहे. आणि तुमच्याकडे नेमका तोच तुटलेला आहे.

तुम्ही म्हणाल, मी विचारते की, ‘समजलं का?’ म्हणून. या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर शेवटचं कधी ऐकलंत, आठवून बघा. नऊ जणांत, वरिष्ठांसमोर, घरी जायच्या वेळेला ‘नाही समजलं’ म्हणायला छाती लागते. बरं, ज्याला चुकीचं समजलंय तोही प्रामाणिकपणे ‘हो’च म्हणणार, कारण त्याच्या दृष्टीने त्याला समजलेलंच असतं. त्या ‘हो’चा अर्थ बहुतेक वेळा ‘आवाज आला, आता जाऊ का?’ इतकाच.

या ‘हो’ची सगळ्यात मोठी किंमत २७ मार्च १९७७ रोजी मोजली गेली. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा लॉस रोडिओस विमानतळ, दाट धुकं आणि एकाच धावपट्टीवर दोन प्रचंड बोइंग ७४७ विमानं, एक केएलएमचं, दुसरं पॅन अ‍ॅमचं. धुक्यामुळे दोन्ही विमानं एकमेकांना दिसत नव्हती, मनोऱ्यातल्या नियंत्रकालाही दिसत नव्हती. सगळी भिस्त रेडिओवरच्या बोलण्यावर. उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जायचं ते नियंत्रकाने केएलएमला सांगितलं. त्या सूचनेतही ‘टेकऑफ’ हा शब्द होता, पण ती निघायची परवानगी नव्हती. केएलएमच्या सहवैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवली आणि शेवटी जोडलं, ‘वी आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ’. त्याला म्हणायचं होतं, आम्ही निघालो. नियंत्रकाने अर्थ घेतला, निघायच्या जागेवर उभे आहोत. तो म्हणाला, ‘ओके’. मग क्षणभराने म्हणाला, थांबा, मी सांगतो. नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्या विमानातून ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असं सांगितलं जात होतं. दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये त्या ‘ओके’नंतर ऐकू आली मुख्यतः एक शिट्टीसारखी कर्कश किंकाळी. त्यातही केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. ते विमान बाजूला गेलं नाही का, असं त्याने विचारलंसुद्धा. मुख्य वैमानिकाने ठामपणे ती शंका उडवून लावली आणि इंजिनिअरने पुढे रेटलं नाही. धावत सुटलेलं केएलएमचं विमान दुसऱ्यावर आदळलं. ५८३ माणसं गेली.

तुमच्या वहीतले सगळे घटक या गोष्टीत हजर आहेत. दोन अर्थांचा शब्द, माध्यमातली खरखर, धुक्याचा आणि घाईचा संदर्भ, वरिष्ठापुढे दबलेला आवाज. आणि मधोमध एक ‘ओके’, ज्यातून कोणाला काय समजलं हे कोणालाच कळलं नाही. त्यानंतर विमानांच्या रेडिओवरच्या भाषेचे नियम कडक झाले. ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. महत्त्वाच्या सूचनेला नुसतं ‘ओके’ किंवा ‘रॉजर’ म्हणून भागत नाही, सूचनेतला मुख्य भाग वैमानिकाने स्वतः उच्चारून दाखवायचा आणि नियंत्रकाने तो कान देऊन तपासायचा.

अहवालावर कोणाचा जीव अवलंबून नाही, मान्य. पण युक्ती तीच आणि फुकटची. ‘समजलं का?’ ऐवजी विचारा, ‘आधी काय हातात घेशील?’ किंवा ‘यातलं काय गाळता येईल असं वाटतं?’ त्या शुक्रवारी एवढं विचारलं असतंत तर तो म्हणाला असता, ‘मागच्या वेळी आकडे कमी पडले होते, ते वाढवतो.’ आणि तुम्ही तिथल्या तिथे म्हणाला असतात, ‘अरे नाही, पानं कमी करायची आहेत, सहाच्या आत.’ अर्धं मिनिट गेलं असतं. फक्त ‘मी काय म्हणाले ते परत सांग’ असं शाळेतल्या बाईंच्या सुरात नका विचारू, मोठ्या माणसांना ती परीक्षा वाटते. दोष स्वतःकडे घ्या: ‘मी जरा घाईत बोलले, तुला काय कळलं ते सांग, म्हणजे माझं काही सुटलं असेल तर लक्षात येईल.’

प्रकारांविषयी फार लांबण लावत नाही. तोंडी, लेखी, दृश्य, अशाब्दिक ही नावं पाठ असण्याने काही साधत नाही, कोणत्या कामाला कोणता प्रकार हे ठरवता आलं की झालं. जिथे शंका निघणार आहेत, भावना गुंतल्या आहेत, नाही म्हणायचं आहे, तिथे समोरासमोर बोला. जे नंतर उघडून बघावं लागणार आहे, तारीख, आकडे, नावं, कोणी काय करायचं, ते लिहून द्या. एकाच गोष्टीचे चार तुकडे एकमेकांशी कसे जोडलेत हे सांगायचं असेल तर कागदावर चौकोन काढा, दहा वाक्यं वाचतील. तुमचा निरोप लेखी द्यायचा होता आणि तुम्ही तो चालता चालता दिलात. वैताग समोर बसून बोलायचा होता, तो एका वाक्यात फेकलात. प्रकार माहीत होते, जागा चुकल्या.

त्या ७ टक्क्यांचा मात्र हिशेब चुकता करायलाच हवा, कारण हा आकडा वर्षानुवर्षं कार्यशाळांमधून फिरतोय आणि मला त्याचा मनस्वी कंटाळा आलाय. १९६७ साली अल्बर्ट मेहरेबियन या मानसशास्त्रज्ञाचे दोन छोटे प्रयोग प्रसिद्ध झाले. सुटे सुटे शब्द, ते उच्चारणारा सूर आणि चेहऱ्याचे फोटो, यांत विसंगती असेल तर ऐकणारा बोलणाऱ्याची भावना कशावरून ओळखतो, एवढाच तो मामला होता. म्हणजे तोंडाने ‘छान’ आणि सुरात तुच्छता असेल, तर आपण सुरावर विश्वास ठेवतो. त्यातून शब्द ७, सूर ३८ आणि चेहरा ५५ टक्के, हे आकडे निघाले. भावना आणि आवडनिवड यांच्यापलीकडे हे समीकरण लावू नका, असं मेहरेबियन यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. शब्दांचा वाटा खरोखर ७ टक्के असता, तर परक्या भाषेतलं भाषण आवाज ऐकून आणि हातवारे बघून आपल्याला जवळजवळ सगळं कळलं असतं. चौदा पानं की सहा पानं, हे कोणत्याही भुवईने सांगता येत नाही. ते शब्दांनीच सांगावं लागतं, आणि तेही नेमक्या.

पण सूर आणि शब्द भांडायला लागले की सूर जिंकतो, हे त्यातलं खरं. म्हणून आता ‘राहू दे, मीच करते’कडे येऊ, कारण मला वाटतं तुमचं खरं नुकसान अहवालाने केलं नाही, या वाक्याने केलं.

फ्रीडेमान शुल्त्स फॉन थून या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९८१ साली एक मांडणी केली. प्रत्येक वाक्य चार तोंडांनी बोलतं आणि चार कानांनी ऐकलं जातं: वस्तुस्थिती काय, बोलणाऱ्याचं काय चाललंय, आपल्या दोघांचं नातं काय, आणि मी काय करावं अशी अपेक्षा आहे. तुमचं वाक्य लावून बघा. वस्तुस्थिती: अहवाल मी करणार. तुमची अवस्था: मी दमले आहे. अपेक्षा: तू बाजूला हो. आणि नात्याच्या कानाने ऐकलं तर? ‘तुझ्याच्याने होणार नाही.’ तुम्हाला बहुधा ‘मी दमले आहे’ एवढंच म्हणायचं होतं. शनिवारची रात्र घालवलेल्या माणसाने ऐकलं शेवटचं. तो ‘कामापुरतंच बोलतो’ हे त्याचं उत्तर आहे, लेखी नाही, तोंडी नाही, पण पुरेसं स्पष्ट.

वरच्या जागेवर बसलेल्या माणसाचं बोलणं खाली पोचेपर्यंत जड होतं, हे मीही ठेच लागून शिकले. एका ठिकाणी प्रमुख असताना रात्री दहाच्या सुमाराला मी हाताखालच्या मुलीला निरोप पाठवला होता, ‘उद्या आल्या आल्या भेट, बोलायचं आहे.’ तिचं काम आवडलं होतं, नवी जबाबदारी द्यायची होती. मी निरोप पाठवला आणि झोपले. ती झोपली नाही. सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी समोर आली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, ‘मॅडम, माझं काय चुकलं?’ माझ्या निरोपात वाईट असा एक शब्द नव्हता. मोकळी जागा मात्र भरपूर होती, आणि ती जागा तिने रात्रभर भीतीने भरली. तेव्हापासून ‘बोलायचं आहे’ लिहिलं की कशाबद्दल, हे त्याच ओळीत लिहिते.

त्या सहकाऱ्याशी तुम्हीच आधी बोला. खोलीत बोलावून नको, त्याच्या जागेपाशी जाऊन, बाजूची खुर्ची ओढून. ‘त्या शुक्रवारी मी नीट सांगितलं नव्हतं. मला पानं कमी हवी होती आणि तेच मी बोलले नाही. तू सुट्टीच्या दिवशी बसून केलंस आणि मी तुझ्यावरच वैतागले.’ इथे थांबा. ‘पण तूही विचारायला हवं होतंस’ हे वाक्य जिभेवर येईल, येऊ द्या, गिळा. तो कदाचित नुसतं ‘ठीक आहे मॅडम’ म्हणेल. लगेच पाघळेल अशी अपेक्षा नको. पुढचं काम त्यालाच द्या आणि या वेळी पानांचा आकडा, दिवस आणि वेळ लिहून द्या. त्याला सुरातून नव्हे, या कृतीतून कळेल.

राहता राहिली लेक. ती म्हणते तू ऐकत नाहीस, आणि मला तिचं पटतं, तुम्हाला न भेटताही. दहा वेगवेगळ्या भाषांमधली संभाषणं तपासून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की एकाचं बोलणं संपणं आणि दुसऱ्याचं उत्तर सुरू होणं यांत सरासरी साधारण २०० मिलिसेकंदांचं अंतर असतं. सेकंदाचा पाचवा हिस्सा. एखादा शब्द शोधून तोंडाशी आणायलाच माणसाला याहून बराच जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर रचायला घेतलेलं असतं. हे सगळेच करतात, त्याशिवाय गप्पा चालणारच नाहीत. पण लेक काहीतरी कठीण सांगायला आली असेल तेव्हा हीच सवय घात करते. तिचं तिसरं वाक्य सुरू असताना तुमच्या डोक्यात उपाय तयार होतो, आणि तिचं पाचवं वाक्य, ज्यासाठी ती आली होती, ते तिच्या तोंडातच राहतं.

म्हणून तिच्यापुरता एक नियम करा. ती थांबली की मनात तीन अंक मोजा, मगच बोला. पहिल्यांदा ते तीन सेकंद तीन मिनिटांएवढे वाटतील. बऱ्याचदा ती त्या शांततेत स्वतःच पुढचं सांगेल. आणि बोलायची वेळ आली तर पहिलं वाक्य उपायाचं नको, तिच्या बोलण्याचं असू दे: ‘म्हणजे तुला न विचारता ठरवलं, याचा राग आलाय?’ चुकलं तर ती दुरुस्त करेल, ‘राग नाही गं, वाईट वाटलं.’ ही दुरुस्ती मिळाली की समजा उलटा बाण चालू झाला. फोन दुसऱ्या खोलीत. हातात उपडा धरलेला फोनही तिला ‘आवर लवकर’ असंच सांगत असतो.

आणि एक. नमस्कारापासून सहीपर्यंत तुमचं पत्र अगदी व्यवस्थित आहे, फक्त शेवटी लिहिलंत, ‘कृपया लवकर उत्तर द्या.’ लवकर म्हणजे कधी, ते कुठेच नाही. मी माझ्या सोयीचा अर्थ घेतला आणि पाच आठवडे लावले.